साखळीस तेल नाही

त्या उन्हाळ्यात सायकलची चेन तीनदा पडली आणि तिसऱ्या वेळी चेनबरोबर पाटकरीणही पडली. पाटाच्या भरावावरून जाताना पायडल एकाएकी हलकं झालं, पाय नुसताच गर्रकन फिरला, आणि काय होतंय ते कळायच्या आत ती उताराच्या काटेरी झुडपात होती. कोपर सोलून निघालं. बांधावर चार माणसं उभी होती. हात द्यायला एकही पुढे आला नाही, पण चेन कशी बसवायची ते मात्र चौघांनीही सांगितलं.

तिनं काडीनं चेन वर ओढली, पुढच्या दातेरी चकतीवर धरली, मागून पायडल फिरवलं. मनगटापर्यंत हात काळे झाले. पदराला पुसायची सोय नव्हती, कारण ते तेल पदराला लागलं की जन्मभर पदराचंच होऊन राहायचं. मातीत हात घासून ती पुढे निघाली आणि पाटाच्या सातव्या दारावर वीस मिनिटं उशिरा पोचली. तेवढ्यात पाणी शेतांकडे जाणाऱ्या चारीवरून चढून एकाच्या वाफ्यांत शिरलं होतं.  वाफ्यांचा मालक सरळ मुकादमाकडे गेला.

खरा पाटकरी तिचा नवरा. बावीस वर्षं त्यानं या सहा किलोमीटरची अकरा दारं उघडली आणि मिटली. गेल्या वर्षी नवव्या दाराचं चाक फिरवताना फळी मोडली, तो खाली काँक्रीटवर आपटला आणि मांडीत लोखंडी गज घालून घरी आला. काठी घेऊन संडासापर्यंत जाणं एवढाच आता त्याचा प्रवास होता. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसनं त्याच्या जागी बायकोला घेतलं. कागदावर लिहिलं, 'तूर्तास'. हा शब्द मुकादमाला फार आवडायचा. तो तिला कधी नावानं हाक मारत नसे, पण तूर्तास दोन वाक्यांआड एकदा तरी म्हणायचा.

मुकादम तिला पाण्यात पाहत होता त्याला कारण होतं. त्याचा मेव्हणा रिकामा बसला होता, त्याच्याकडे मोटारसायकल होती, आणि पाटाची ही हद्द हातात आली की पाटाकाठच्या चौकीची खोलीही आपसूक यायची. त्या खोलीत आज पाटकरीण आणि तिचा नवरा राहत होते. दुसरं छप्पर त्यांना कुठंच नव्हतं. वाफ्यांत पाणी गेल्याचं कळलं तसा मुकादम चौकीवर आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, की महिनाअखेरीला साहेब तपासणीला येणार आहेत. सायकल ऑफिसची आहे. जिची सायकल नीट नाही तिच्याकडे हद्द ठेवता येत नाही. तसा नियमच आहे. मग खोलीत एक नजर फिरवून, भिंती मोजाव्यात तशी, तो निघून गेला.

या तपासणीचं एक शास्त्र होतं. मुकादमाच्या वहीत प्रत्येक सायकलपुढे रकाने होते. ब्रेक, घंटी, टायर आणि 'साखळीस तेल'. बोलताना सगळे चेन म्हणत, पण वहीत ती साखळी व्हायची. मुकादम पहिलं बोट चेनवरून ओढायचा. बोट काळं झालं की तेल आहे. मग ते बोट तो त्याच सायकलच्या सीटला पुसायचा आणि पुढच्या सायकलकडे जायचा. त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी कालव्यावरचा प्रत्येक पाटकरी चेनवर डबाभर तेल ओतायचा. सात सायकली ऑफिसच्या अंगणात उभ्या राहिल्या की खाली सात काळी थारोळी साचायची. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं आणि सगळ्यांच्या मते उत्तम चाललं होतं.

पाटकरिणीच्या सायकलची चेन तर दर शनिवारी तेल प्यायची. नवऱ्याचं ते काम होतं. ती सायकल खाटेशेजारी उलटी करून ठेवायची, सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं वर. तो खाटेवर एका अंगावर होऊन डावा हात पायडलवर ठेवायचा आणि उजव्या हातानं ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून आणलेलं जळकं ऑईल धारेनं सोडायचा. पाणी, दारं, चाव्या, लोकांची भांडणं, सगळं त्याच्या हातातून गेलं होतं. हे एवढं राहिलं होतं. शनिवारी तो सकाळीच दाढी करायचा.

"चेन ओली दिसली पाहिजे," तो म्हणायचा. "कोरडी चेन म्हणजे बेवारशी सायकल."

चेन तिसऱ्यांदा पडल्यावर मात्र तिनं सायकल हातात धरून बाजाराचा रस्ता धरला. तिथं एक सायकलवाला होता, त्याला सगळे बहिरा म्हणत. तो मुळीच बहिरा नव्हता. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की त्याला ऐकू येणं बंद व्हायचं एवढंच. त्यानं सायकल स्टँडवर घेतली, पायडल फिरवलं आणि कान चेनजवळ नेला.  चेनमधून कुणी खडीसाखर चावावी तसा आवाज येत होता.

मग त्यानं पुढच्या दातेरी चकतीवरची एक कडी दोन बोटांत धरून बाहेर ओढली. चेन दातापासून थोडी सुटली. अजून पूर्ण दात दिसत नव्हता, म्हणजे ती पार गेली नव्हती.

"ही चेन नाही राहिली," तो म्हणाला. "कानस झालीये. स्वतःलाच घासतीये."

"दर आठवड्याला तेल घालतो की आम्ही."

"म्हणूनच." त्यानं चेनवरून बोट फिरवलं आणि काळा गोळा तिच्या तळहातावर ठेवला. "चोळून बघ."

तिनं चोळला. आत वाळू होती. कर्रकर्र. भरावावरची बारीक, पांढरी वाळू, जी वाऱ्याबरोबर रोज तिच्या डोळ्यांत आणि दातांत जायची.

बहिऱ्यानं सांगितलं ते असं. तेल हवं आत, कडीतली ती बारीक नळी फिरते तिथं. बाहेर तेल ठेवणं म्हणजे धुळीला बसायला पाट मांडणं. आधी चेन काढून रॉकेलमध्ये धू, ब्रशनं खरवड, सावलीत वाळव. मग एका नळीवर एकच थेंब, आणि तोही पातळ तेलाचा, शिलाई मशीनला घालतात त्या. पायडल उलटं फिरवून तेल आत जाऊ दे. आणि मग वरून सगळं पूस. सगळं म्हणजे सगळं. हात लावला तर बोट कोरडं निघालं पाहिजे. पुढे रोज संध्याकाळी कोरडं फडकं, पंधरा दिवसांनी थेंब. मागचं चाक सरकवून चेन अंगठ्यानं दाबून बघायची, बोटभर खाली गेली की बस, जास्त नको आणि कमीही नको. चेन अजून एखादं वर्ष जाईल. हे सांगून त्यानं तिचा एकही प्रश्न ऐकला नाही.

घरी येऊन हे नवऱ्याला सांगायचं कसं, याचा विचार ती वाटभर करत होती. शेवटी तिनं सांगितलंच नाही. पकडीनं चेनलॉक काढलं, चेन एका पत्र्याच्या डब्यात टाकली, वर रॉकेल ओतलं आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन उंबऱ्यात बसली. रॉकेल क्षणात काळं झालं. तिनं ते ओतून दुसरं घेतलं. तेही काळं झालं. तिसऱ्या वेळी चेनचा मूळ रंग दिसायला लागला, राखाडी, आणि डब्याच्या तळाशी वाळूचा थर बसला.

नवरा खाटेवरून बघत होता.

"हे काय चाललंय?"

तिनं डब्यातली वाळू फडक्यावर गाळली आणि त्याच्यासमोर धरली. चांगली चमचाभर होती.

"बावीस वर्षं मी हेच तेल घातलंय," तो म्हणाला.

"बावीस वर्षांत चेना किती बदलल्या?"

तो हिशेब करत राहिला. ओठ हलत होते. आकडा आठवला असावा, कारण एकदम त्याचा चेहरा उतरला. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. जेवण पुढ्यात ठेवलं की जेवायचा, काठी दिली की उठायचा, पण बोलणं नाही. तिला वाईट वाटलं. माणसाकडे राहिलेलं शेवटचं काम आपण काढून घेतलं आणि वर त्यात चूक दाखवली, हे तिला कळत होतं. पण कोपराची खपलीही तिचीच होती, आणि पुन्हा एकदा झुडपात पडायला ती तयार नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती दारं मिटून आली. अकरा दारांची लोखंडी चाकं फिरवून फिरवून दंडात गोळे आले होते. तिनं वाळलेली चेन सायकलवर चढवली, सायकल उलटी केली, काडेपेटीतल्या काडीच्या टोकावर तेल घेतलं आणि नळीवर सोडायला गेली.  थेंब बाजूच्या पट्टीवर पडला. पुसला. पुन्हा घेतला. पुन्हा बाजूला. चौथ्या वेळी तिनं काडी फेकली आणि नुसती बसून राहिली.

"आण इकडे," खाटेवरून आवाज आला.

तिनं मागे वळून पाहिलं. तो एका अंगावर झाला होता.

"सायकल आण इकडे. आणि त्या डब्यात बघ, माझ्या इंजेक्शनची एक पिचकारी राहिलीये."

सायकल खाटेशी आली. पिचकारीत पातळ तेल भरलं गेलं. त्यानं चेनलॉकची कडी शोधली, तिथून सुरुवात धरली, आणि डाव्या हातानं पायडल एका कडीइतकंच ओढायचं, उजव्यानं एक थेंब सोडायचा, असं काम सुरू केलं. दाराची चाकं बावीस वर्षं इंचाइंचानं फिरवलेला हात होता तो. थेंब बरोबर नळीच्या मधोमध पडत होता, सुईच्या टोकाएवढा, आणि पडल्यापडल्या आत जात होता. तो तोंडातल्या तोंडात मोजत होता. ती शेजारी बसून बघत होती. साठाच्या पुढे त्याच्या कपाळावर घाम आला, मांडी दुखायला लागली असणार, पण तिनं थांबा म्हटलं नाही. थांबा म्हटलं असतं तर तो पुन्हा भिंतीकडे वळला असता.

"एकशे बारा," तो म्हणाला. "बावीस वर्षं चालवली, पण कड्या किती ते आज कळलं."

मग त्यानं फडकं मागून घेतलं आणि चेन पुसली. एकदा नाही, पुन्हापुन्हा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की तिनं उठून उगाचच चूल पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती भरावावर निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. चाव्या होत्या, डबा होता. मग लक्षात आलं की चेनचा आवाज येत नाहीये. पाण्याचा आवाज येत होता, टायरखालच्या वाळूचा येत होता, आपल्या श्वासाचा येत होता. त्या महिन्यात ती एकदाही उशिरा पोचली नाही. संध्याकाळी आली की सायकल खाटेशी लावायची, आणि नवरा दिवसभराची धूळ कोरड्या फडक्यानं उतरवायचा. आता त्याला रोजच काम झालं होतं. दाढीही रोज व्हायला लागली.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्याचा धीर सुटला. त्यानं जुना ऑईलचा डबा मागितला.

"उद्यापुरतं वरून एक हात मारू," तो म्हणाला. "मुकादमाचं बोट काळं झालं की झालं. परत आल्यावर मी धुऊन देतो. पुन्हा एकशे बारा थेंब घालतो."

"नको."

"अगं, तो 'नाही' लिहील. हद्द जाईल. खोली जाईल. मला घेऊन कुठं जाणार आहेस तू?"

हा प्रश्न तिनं स्वतःला महिनाभर विचारला होता. तिनं डबा उचलला, बाहेर नेला आणि झाकण घट्ट लावून छपरावर ठेवला, जिथं त्याचा हात पोचणार नव्हता.

"जायची तर जाईल," ती म्हणाली. "पण तुम्ही पुसलेल्या चेनवर मी घाण ओतणार नाही. त्या माणसाचं बोट माखायला तर नाहीच नाही."

ऑफिसच्या अंगणात दुसऱ्या दिवशी दुपारी सात सायकली रांगेत उभ्या राहिल्या. सहांच्या खाली थारोळी होती. साहेब पत्र्याच्या सावलीत चहा पीत बसले होते. तरुण होते, नवीनच आले होते आणि चारला परत निघायचं म्हणून सारखं घड्याळ बघत होते. मुकादमाचा मेव्हणा फाटकाशी मोटारसायकलवर एक पाय टेकून उभा होता, अगदी नटून तयार.

मुकादम पाटकरिणीच्या सायकलपाशी आला. त्यानं चेनवरून बोट ओढलं आणि बघितलं. बोट स्वच्छ होतं. त्यानं पुन्हा ओढलं, जोर लावून, खालून आणि वरून. मग बोट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासलं. रांगेत कुणीतरी हसलं. मुकादमाला मात्र राग आला नाही, उलट त्याचा चेहरा खुलला. त्यानं वही उघडली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'साखळीस तेल: नाही'. वही तिच्यापुढे धरून म्हणाला, की इथे सही कर.

"तेल आहे," ती म्हणाली. "सही नाही करणार."

मुकादमानं साहेबांना बोट दाखवलं. ऑफिसची सायकल, एक थेंब तेल नाही, वर तोंड. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते.

"अहो बाई, डबा तिथं पडलाय," ते म्हणाले. "घाला थोडं आणि विषय संपवा. ते 'आहे' लिहितील."

मुकादमाचं तोंड कडू झालं, पण साहेबांपुढे काय बोलणार. त्यानं डबा उचलून तिच्यापुढे धरला. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. हात पुढे करायचा, डबा तिरका करायचा, इतकंच. खोली राहिली असती, हद्द राहिली असती. सहा पाटकरी तिला डोळ्यांनी सांगत होते, की घे बाई, ओत आणि सूट.

तिनं दोन्ही हात मागे घेतले.

"साहेब, तेल आत आहे. जिथं लागतं तिथं. बोटाला लागत नाही म्हणून 'नाही' असं मी लिहू देणार नाही. मुकादमांना माझ्या कॅरिअरवर बसवा. शेवटच्या दारापर्यंत नेते. चेन एकदा जरी सरकली, तर तिथंच सही करते आणि चौकीची किल्ली त्यांच्या हातात देते."

 मुकादम म्हणाला की हा पोरखेळ आहे. मेव्हणा म्हणाला, मी मोटारसायकलवरून मागे येतो. साहेबांनी घड्याळ बघितलं. पावणेतीन झाले होते. त्यांच्या चेहऱ्यावर महिन्यात पहिल्यांदाच नोकरीत काहीतरी मजा आहे असा भाव आला.

"जा ना मुकादम," ते म्हणाले. "तपासणीच आहे. मेव्हणे थांबतील इथंच. वही घेऊन जा."

साहेबांनी सांगितल्यावर मुकादम काय करणार. तो कॅरिअरवर बसला तसं मागचं टायर चेपलं. अंगानं तो भरलेला होता आणि अपमानानं आणखी जड झाला होता. वही काखेत, एक हात सीटच्या स्प्रिंगला. पाटकरिणीनं पदर खोचला, उजवा पाय पायडलवर दिला आणि सगळं वजन त्यावर टाकलं. सायकल हलली, डगमगली आणि सरळ झाली.

पहिला किलोमीटर बरा गेला. पुढे वारा तोंडावर आला. वाळू डोळ्यांत जात होती. तिच्या मांड्या जळत होत्या, पाठीतून घाम वाहत होता. शेतांतली माणसं कामं टाकून बांधावर येऊन उभी राहत होती. मुकादमानं मान खाली घातली, पण कॅरिअरवर बसलेला माणूस लपतो कुठं. पाचव्या दारापुढे भराव चढत जातो. तिथं मुकादमानं हळूच पाय खाली सोडले आणि बुटांच्या टाचा मातीतून घासायला सुरुवात केली. सायकल जड झाली. चेन ताठ झाली.

"पाय वर घ्या, मुकादम," ती मागे न बघता म्हणाली. "चेन तपासायला आलात, रस्ता नाही."

बांधावरचे हसले. पाय वर गेले. ती सीटवरून उठली आणि उभ्यानं पायडल मारू लागली. एक, दोन, तीन. प्रत्येक पायडलला चेन दाताला धरत होती आणि सोडत होती, बिनबोभाट. खटका नाही, कर्रकर्र नाही. चढ संपला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा निघता आलं नसतं.

अकराव्या दारावर ती उतरली. दाराच्या चाकाला धरून उभी राहिली. मुकादम उतरला, त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या आणि चारदा पाय झाडून तो कसाबसा उभा राहिला. इथं तिसरं कुणी नव्हतं. त्यानं वाकून पुन्हा एकदा चेनवरून बोट ओढलं, सवयीनं. धूळ लागली, काळं नाही.

"लिहा," ती म्हणाली.

त्यानं वही गुडघ्यावर धरली, 'नाही' खोडलं आणि वर 'आहे' लिहिलं. वही मिटणार तोच तिनं मध्ये हात घातला. ओळीच्या शेवटी एक रकाना होता, 'निगा राखणाऱ्याचे नाव'. तो कुणी कधी भरत नसे. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि नवऱ्याचं नाव सांगितलं.

मुकादम सावरला. इथं त्याला पुन्हा पायाखाली नियम सापडला होता. "त्याचं नाव हजेरीतून कमी झालंय. कमी केलेल्या माणसाचं नाव वहीत येत नाही. तुझं लिहितो, हवं तर."

"या चेनला माझा हात नाही, त्यांचा आहे. एकशे बारा थेंब त्यांनी घातलेत. त्यांचंच लिहा."

"ते नियमात बसत नाही."

 तिनं सायकलचं तोंड घराकडे वळवलं आणि एक पाय पायडलवर ठेवला.

"साहेब चारला निघतात," ती म्हणाली.

मुकादमानं घड्याळ बघितलं. मग भरावाकडे बघितलं. सहा किलोमीटर पांढरा, बिनसावलीचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंच्या बांधांवर अजून न हटलेली माणसं. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. तिनं वाकून वाचलं. त्यानं नुसतं नाव लिहिलं होतं, तेही तुटकं, घरगडी हाकारावा तसं.

"पूर्ण लिहा," ती म्हणाली. "वडिलांच्या नावासकट. आणि पुढे पाटकरी."

वाऱ्यानं वहीचं पान फडफडत होतं. मुकादमानं ते डाव्या हातानं दाबून धरलं आणि पूर्ण लिहिलं. तिनं एकेक अक्षर तपासलं. मग सायकल स्थिर धरली आणि कॅरिअरकडे मान वळवून म्हणाली, "बसा."